चावणारा घास

मंगळवार आणि शुक्रवार, आठवड्यातले हे दोन दिवस उबाल्दीनाच्या ओट्यावर पोरांची रडारड चालायची. इतर दिवशी दृष्ट उतरत नाही, असं तिला सासूने शिकवलं होतं. सासूला कोणी शिकवलं, हे विचारायची मातापालो गावात पद्धत नव्हती.

त्या शुक्रवारी सकाळी नऊलाच सात पोरं रांगेत होती. तरुणपणी उबाल्दीनाने अख्ख्या महिन्यात सात पाहिली नव्हती. कोणाच्या पाठीवर गांधी उठलेल्या, कोणाच्या पापण्या इतक्या सुजलेल्या की डोळ्यांच्या जागी नुसत्या चिरा. एक खाल्लं की ओकत होता, एक रात्रभर अंग खाजवून रक्ताळला होता.

"वाढलंच आहे हो हल्ली, दोन्या," रांगेतली प्रिसिला म्हणाली. वडीलधाऱ्या बाईला गावात दोन्या म्हणत. तिच्या कडेवर चार वर्षांचा यान्द्री होता, खालचा ओठ फुगून लोंबत असलेला. "माझ्या आईने आठ पोरं वाढवली, एकाला असलं काही झालं नाही. मला एकच आहे, तर महिन्यातून दोनदा इथे."

"लोकांच्या पोटातली जळजळ वाढली," उबाल्दीना म्हणाली. "आधी पोराला बघायचं तर दारात यावं लागायचं. आता तू त्याचा फोटो फोनवर टाकतेस. तिकडे स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची ढुंगणं धुणारी तुझी जाऊ तो बघते. तिला पोर नाही. मग काय होणार?"

"मी टाकते ते नवऱ्याच्या आईसाठी."

"तिची दृष्ट काय कमी आहे का?"

ओटा हसला. उबाल्दीनाची ही हातोटी होती. आधी हसवायचं, मग उतरवायचं. तिने यान्द्रीला मांडीवर घेतलं, उसाच्या दारूचा घोट तोंडात धरून त्याच्या पाठीवर फवारा मारला, सतापीची डहाळी झटकली आणि गावठी कोंबडीचं अंडं टाळूपासून तळव्यापर्यंत गोल गोल फिरवलं. मग ते पाण्याच्या पेल्यात फोडलं. पांढरा बलक वर चढला, त्यात बुडबुडे दिसले. दृष्ट पक्की. बुडबुडे दिसले नाहीत असं आजवर झालं नव्हतं, आणि अंडं पाण्यात फोडलं की ते दिसणारच, हा विचार त्या ओट्यावर कोणाला शिवला नव्हता.

शेवटी चमचा. भाजलेले शेंगदाणे दगडावर वाटून त्यात गूळ मळलेला. दृष्टीने रक्त पातळ होतं, दाण्याने ते पुन्हा घट्ट होतं. यान्द्रीने तोंड फिरवलं. उबाल्दीनाने त्याचे गाल दोन बोटांत दाबून चमचा आत लोटला. त्याने तो तिच्या झग्यावर थुंकला.

"थुंकला," प्रिसिला घाबरून म्हणाली.

"म्हणजे जबर आहे. मंगळवारी परत आण." उबाल्दीनाने रस्त्यापलीकडे नजर टाकली. "आणि येताना त्या बाजूने येऊ नकोस."

त्या बाजूला औरियाचं घर होतं.

औरियाचे डोळे घारे होते. मानाबी प्रांतात घारे डोळे काही दुर्मीळ नाहीत, पण मातापालोत ते फक्त तिला होते. गावातल्या प्रत्येक पोराच्या मनगटावर लाल दोरा होता तो तिच्यामुळे. ती रस्त्याने निघाली की आया पोरांचे चेहरे छातीत दाबून धरायच्या. तिचं चीज कोणी विकत घेत नव्हतं. तिची आई मेली तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला दोनच माणसं आली, आणि त्यातला एक दारू प्यायलेला होता. तिच्या मुलीला शाळेत इतकं छळलं की पंधराव्या वर्षी ती ग्वायाकील शहरात पळाली ती तिकडचीच झाली.

हे सगळं सुरू केलं होतं उबाल्दीनाने, एकतीस वर्षांपूर्वी, याच रस्त्याच्या मधोमध उभं राहून.

तेव्हा औरिया तिची कोमाद्रे होती. पोराला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर ज्या बाईने हातात धरलं, ती त्याच्या आईची कोमाद्रे. सख्ख्या बहिणीशी भांडता येतं, कोमाद्रेशी नाही. पोराचं नाव एर्मेल. गोरा, कुरळा, आणि खाण्याच्या बाबतीत भयंकर हट्टी. औरिया रोज यायची, त्याच्या केसांतून हात फिरवायची, म्हणायची, "किती गोड आहे गं हा." आणि महिन्यातून एकदा तरी एर्मेल सुजायचा. उबाल्दीना सासूकडून शिकलेलं अंडं फिरवायची आणि दोन-तीन तासांत सूज ओसरायची. त्यावरच तर तिचं नाव झालं. पोराच्या अंगावर तिने विद्या सिद्ध केली असं लोक म्हणायचे. चौथं वर्ष लागलं आणि एका शुक्रवारी सूज ओसरली नाही. एर्मेल तिच्या मांडीवर निळा पडला. त्या सकाळी घरी कोण आलं होतं? औरिया आली होती. मग आणखी काय पुरावा हवा?

गेल्या दोन महिन्यांपासून गावाला औरियाबद्दल नवा विषय मिळाला होता. ग्वायाकीलहून तिची सहा वर्षांची नात राहायला आली होती, सुलेमा. मुलीला कारखान्यात दुहेरी पाळी लागली होती. सुलेमाच्या गळ्यात कापडी पिशवी असायची, झोपतानाही.

"ताईत आहे तो," प्रिसिला सांगायची. "म्हणजे बघा, घारीला स्वतःच्याच डोळ्यांची भीती वाटते."

"मी त्याहून भयंकर बघितलंय," दुसरी म्हणायची. "मागच्या अंगणात बसते आणि हिरव्या पपईत सुया खुपसते. एकामागून एक. मोजत. आपल्यापैकी कोणाच्या नावाने, देव जाणे."

पपईचं मात्र खरं होतं. उबाल्दीनानेही पाहिलं होतं.

साडेदहाच्या सुमाराला औरिया डोक्यावर बादली घेऊन पाण्याच्या टाकीकडे गेली आणि मांजराच्या पिलामागे धावत सुलेमा रस्ता ओलांडून थेट उबाल्दीनाच्या ओट्यावर आली. बायका सावरून बसल्या.

"घारीची नात आहे ती," कोणीतरी पुटपुटलं.

"पोरीचे डोळे काळे आहेत," उबाल्दीना म्हणाली. "काय गं, भूक लागली?"

सुलेमाने चुलीकडे पाहिलं. चुलीवर हिरव्या केळ्याचे गोळे तव्यात परतत होते. उबाल्दीनाने एक तिच्या हातात ठेवला. त्यामागे कुठला डाव नव्हता. आजीशी एकतीस वर्षांचं वैर असलं तरी चुलीशी आलेल्या पोराला रिकाम्या हाताने पाठवायचं, इतकी ती पडलेली नव्हती.

सुलेमाने गोळा हातात फिरवला. "यात दाणे आहेत का?"

"दाणे कुठले? केळं आहे, बाळ."

उबाल्दीना खोटं बोलली नाही, इथेच तर सगळं आहे. मानाबीत दाणे म्हणजे मूठभर दाणे, डोळ्यांना दिसणारे, दातांखाली येणारे. मका आणि दाणे एकत्र भाजून कुटलेली भुकटी, जिला सालप्रिएता म्हणतात, ती काही दाणे नव्हे. ती भातावर असते, माशावर असते, केळ्याच्या गोळ्यात मूठभर असतेच. आमटीत मीठ आहे का असं कोणी विचारलं तर आपण त्याच्या तोंडाकडे बघू. तसंच हे.

सुलेमाने एक घास खाल्ला, मग दुसरा. तिसऱ्याला ती थांबली आणि जीभ बाहेर काढून तिने बोटाने पुसली.

"आजी, हे चावतंय."

उबाल्दीनाच्या हातातलं उलथणं तव्यावर टेकलं ते तिथेच राहिलं.

हे चावतं, आई. एर्मेल असंच म्हणायचा. कूट घातलेला भात पुढे केला की मागे सरायचा, ओठ आत घ्यायचा. हे मला चावतं. आणि ती त्याला चापट मारून म्हणायची, घास चावत नसतो, घासाला आपण चावायचं असतं, खा. हे वाक्य तिने एकतीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. इतर सगळं आठवलं होतं, त्याच्या शर्टाची बटणं, त्याच्या पायातली काट्याची खूण. हे नाही.

सुलेमाचे ओठ आईच्या लिपस्टिकशी खेळल्यासारखे मोठे झाले. मानेवर गांधी उठल्या, एकीला एक भिडल्या. ती खोकली, तो खोकला कुत्र्याच्या भुंकण्यासारखा होता, आणि मग श्वासाबरोबर छातीतून शिट्टी वाजायला लागली.

"दृष्ट लागली," प्रिसिला उठून उभी राहिली. "बघता बघता लागली. घारीची, स्वतःच्याच नातीला."

"अंडं घ्या, दोन्या उबाल्दीना, लवकर."

डोकं बंद पडलं तरी उबाल्दीनाचे हात चालत होते. एकतीस वर्षांची सवय होती ती. दारूचा फवारा. डहाळी. अंडं टाळूवरून खाली. पोरीचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. अंडं बोटांत फुटलं, बलक मनगटावरून ओघळला. हात चमच्याकडे गेला. रक्त पातळ होतंय, घट्ट करायला हवं. सुलेमाने मान फिरवली. उबाल्दीनाने दोन बोटांनी तिचे गाल दाबले आणि चमचा ओठांना लावला.

आणि तिला दिसलं की तिने हे आधी केलेलं आहे. असंच, याच बोटांनी. असंच फिरवलेलं तोंड. सासू मागे उभी राहून सांगत होती, अंड्याने भागणार नाही, याचं रक्तच पातळ आहे, आज दाणा दे. त्या दिवसापर्यंत एर्मेलला चमचा दिलेला नव्हता. पहिल्यांदा दिला तो त्याच शुक्रवारी.

कोणीतरी चमचा इतक्या जोराने उडवला की तो चुलीत जाऊन पडला. औरिया होती. बादली रस्त्यात लवंडलेली, पाय गुडघ्यापर्यंत भिजलेले. तिने पोरीच्या गळ्यातली पिशवी दातांनी उघडली. आत काचेची कुपी आणि लाल शाईने खूण केलेली सिरिंज. कुपीची मान तिने कट्कन मोडली, बोट कापलं तरी बघितलं नाही, औषध खुणेपर्यंत ओढलं आणि सुलेमाच्या मांडीत फ्रॉकवरूनच सुई सरळ घुसवली. मग मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजले. पपईवर मोजायची तसेच.

परदेशात यासाठी पेनासारखं तयार इंजेक्शन मिळतं. टोपण काढा, मांडीला दाबा, झालं. आमच्याकडे ते दुकानात येत नाही. आमच्या पोरांना काचेची कुपी, सिरिंज आणि जिचा हात थरथरत नाही अशी आजी असली तर ती.

"तोंडात काय घातलंस?" औरिया म्हणाली. एकतीस वर्षांतलं तिचं उबाल्दीनाशी पहिलं वाक्य.

"केळ्याचा गोळा."

"कूट होतं त्यात?"

"कूट असतंच."

"आणि चमच्यात?"

 चुलीतून जळक्या गुळाचा वास येत होता.

सुलेमाच्या छातीतली शिट्टी हळूहळू बारीक झाली. तिने डोळे उघडले, ओकली आणि रडायला लागली. रडण्याचा आवाज इतका धडधाकट होता की बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. सूज उतरत होती. अंडं नाही, डहाळी नाही, चमचा नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

औरियाने रस्त्याने जाणारी भाड्याची पिक-अप थांबवली, पोरीला मागच्या फळीवर आडवं घातलं आणि उबाल्दीनाचं मनगट धरलं. "तू पण चल. काय काय खायला घातलंस ते डॉक्टरला तू सांगायचं."

दवाखान्यात पंचविशीची एक डॉक्टर होती, मोरेइरा नावाची. शिक्षण संपल्यावर सगळ्यांना खेड्यात एक वर्ष काढावं लागतं, ते काढत होती. तिने सुलेमाला सलाईन लावली, नळी लावून छाती ऐकली, औरियाला म्हणाली, "उत्तम टोचलंत, आजी. उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं. आज रात्र इथेच ठेवू, परत उसळू शकतं." मग बाहेरच्या बाकावर येऊन उबाल्दीनाकडे वळली. उबाल्दीनाच्या हातावर बलक वाळून कडक झाला होता.

"आमच्या वेळी हे नव्हतं," उबाल्दीना म्हणाली. तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

"थोडं होतं, दोन्या. आता जास्त आहे. मी आले तेव्हा माझ्या यादीत चार पोरं होती. दहा महिन्यांत अकरा झाली. कोणाला दूध, कोणाला अंडं, कोणाला कोळंबी, दाणे तर आहेतच."

"का पण? जगाला काय झालंय?"

"पुरतं कोणालाच सांगता येत नाही. मोठमोठे लोक भांडतायत त्यावर. मला विचाराल तर मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की ही पोरं आधी तुमच्यासारख्यांकडे जातात, आणि माझ्याकडे येतात तेव्हा निळी असतात."

उबाल्दीनाने हातावरचा बलक नखाने खरवडला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं. "आधीच सुजलेल्या पोराला कोणी चमचाभर दाणे दिले तर?"

डॉक्टर हसली, तिला गंमत वाटली. "पेटलेल्या घरावर कोणी रॉकेल ओततं का? कोण देणार असं?"

"कोणी नाही," उबाल्दीना म्हणाली. "उगाच विचारलं."

ती चालत घरी आली. सहा किलोमीटर.

शनिवार, रविवार, सोमवार तिने चूल पेटवली नाही. दाणे वाटायचा दगड उचलून कोंबड्यांच्या खुराड्यामागे टाकला, मग परत आणला, मग परत टाकला. एर्मेल एकटा नव्हता, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. चमचा थुंकणारी पोरं किती आली? दरसाल एखाद-दुसरं. त्यातल्या दोघांना पिक-अपमध्ये घालून शहराकडे नेलं होतं. एक मुलगी, एक मुलगा. ते परत आले का, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आणि पुढच्या गावातली एउलालिया, तीही दृष्ट काढायची. चमचा तिला उबाल्दीनानेच शिकवला होता. गूळ जास्त घाल म्हणजे पोरं गिळतात, हेही.

गप्प बसता आलं असतं. खरं कोणालाच माहीत नव्हतं. सासू मेलेली, एर्मेल मेलेला, औरियाला चमच्याची गोष्ट अर्धवट कळलेली. मंगळवारी अंडं फिरवायचं, चमचा तेवढा बंद करायचा, आणि उबाल्दीना ती उबाल्दीना राहिली असती. सोमवारी दुपारपर्यंत तिचा तोच बेत होता, ते लपवण्यात अर्थ नाही.

मंगळवारी ओट्यावर नऊ पोरं होती. शुक्रवारची हकिकत पसरली होती, पण तिच्या भलत्याच अंगाने. घारीने सुईने दृष्ट मांडीतून बाहेर ओढली, असं गाव बोलत होतं. प्रिसिला यान्द्रीला घेऊन पुढेच बसली होती.

"अंडी कुठे आहेत, दोन्या?"

"आज अंडं नाही." उबाल्दीना उभीच राहिली. बसली असती तर बोलता आलं नसतं. "माझ्या एर्मेलला दृष्ट लागली नव्हती. त्याला दाणे सोसत नव्हते. तो सांगत होता मला, चावतं म्हणून. मी त्याला मारून खाऊ घालायचे. शेवटच्या दिवशी तो सुजला तेव्हा मी त्याचे गाल दाबून चमचा दिला. औरियाने काही केलं नाही. मी केलं."

 एकीने पोराचा चेहरा शालीत गुंडाळला.

"दोन्या," प्रिसिला अगदी हळुवार बोलली, वेड्या माणसाशी बोलतात तशी. "तुम्हालाच लागली आहे. पिक-अपमध्ये तिच्या शेजारी बसला होतात तुम्ही. सहा किलोमीटर."

"मला काही लागलेलं नाही."

"ज्याला लागते त्याला कळत नाही, तुम्हीच शिकवलंत की."

हा फटका बरोबर जागी बसला. बायका उठायला लागल्या. एउलालियाकडे जाऊ, अजून अकरा वाजले नाहीत, पिक-अप मिळेल. पाच मिनिटांत ओटा रिकामा झाला. एकच मागे राहिली, पापण्या सुजलेल्या पोरीची आई. तोंडातल्या तोंडात म्हणाली, "मग हिला काय झालंय?"

"मला माहीत नाही," उबाल्दीना म्हणाली. हे शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले. "तिने काय काय खाल्लं ते आठव आणि दवाखान्यात जा."

मग तिने रस्ता ओलांडला. औरिया अंगणात खुर्चीवर बसली होती, मांडीवर हिरवी पपई. सुलेमा पायरीवर बसून मक्याची भाकरी खात होती. गळ्यात पिशवी.

"कोमाद्रे," उबाल्दीना म्हणाली.

"तो शब्द तिकडेच ठेव." औरियाने मान वर केली नाही. "ऐकलं मी. तू ओट्यावर बोललीस ते इथपर्यंत येतं. एकतीस वर्षं येतंय."

"मला माहीत नव्हतं."

"मला पण नव्हतं. हेच तर." औरियाने सुई पपईतून काढली, पांढरा चीक थेंब थेंब आला. "तुला वाटलं मी इथे बसून तुझ्यावर चिडलेली असेन. सुरुवातीची पंचवीस-सव्वीस वर्षं मला वाटायचं, मीच मारलं त्याला. माझ्या पोरीला पाजताना मी भिंतीकडे बघायचे, उबाल्दीना. तिला मी नीट बघितलं ते ती घर सोडून गेली त्या दिवशी, पाठीमागून. या सुलेमाला पहिल्यांदा हातात दिली तेव्हा मी डोळे मिटले. डॉक्टरने ग्वायाकीलला दाण्याचं सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. तोही घाबरत घाबरत."

  दोघी म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि दोघींची एकतीस वर्षं यात गेली होती, हे उबाल्दीनाला पहिल्यांदाच नीट दिसत होतं, उन्हात, पपईच्या चिकासकट.

"माफी मागू नकोस," औरिया म्हणाली. "माझ्या आईला खांदा द्यायला तुझा नवरा आला नव्हता. ते मी सोडणार नाही. पण पोरं तुझ्या ओट्यावर येतात, माझ्या नाही. तेव्हा हे शीक." तिने पपई आणि सिरिंज पुढे केली. "सरळ. तिरकी नाही."

"कपड्यावरून पण चालतं," सुलेमा पायरीवरून म्हणाली.

उबाल्दीनाने सिरिंज धरली. अंडं धरणारा हात सुई धरायला तयार नव्हता. पहिल्यांदा सुई सालीवर घसरली.

"परत," औरिया म्हणाली.

तेवढ्यात रस्त्यावर पिक-अपचा हॉर्न वाजला. एउलालियाकडे निघालेल्या बायका चढत होत्या. प्रिसिला शेवटची होती, यान्द्रीला छातीशी धरून. तिने इकडे पाहिलं, दोन म्हाताऱ्या, एक घारी आणि एक कालपर्यंतची आपली, पपईत सुई खुपसताना, आणि तिने घाईघाईने पोराच्या तोंडावर शाल ओढली.

उबाल्दीना पपई टाकून धावली. त्याच जागी, रस्त्याच्या मधोमध, गाडीपुढे उभी राहिली. ड्रायव्हरने शिवी दिली.

"बाजूला व्हा, दोन्या," प्रिसिला म्हणाली. "त्याच्याकडे बघू नका."

"बघत नाही." उबाल्दीनाने खरंच डोळे मिटून घेतले. "मला एकच विचारू दे. यान्द्री, बाळा, तुला काही चावतं का रे? खाताना?"

 इंजिन घरघरत राहिलं. मग शालीच्या आतून, फुगल्या ओठांनी, स्पष्ट न येणारा आवाज आला.

"चमचा चावतो. आणि आईचा भात."

उबाल्दीनाने डोळे उघडले नाहीत. तिला फक्त ऐकू आलं, गाडीच्या फळीवरून कोणीतरी खाली उतरल्याचं.